ब्रेकचा लाल दिवा काय सांगतो?

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, नारायणगावजवळच्या खोडद येथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात शाळांच्या विज्ञान प्रकल्पांचे प्रदर्शन भरते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ही दुर्बीण पाहायला जुन्नर-आंबेगाव तालुक्यांतूनच नव्हे, तर लांबूनही शाळा येतात. अशाच एका विज्ञान दिनाला आम्ही दोघे शिक्षक तीन विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या प्रकल्पाच्या खोक्याला घेऊन पुण्याहून भल्या सकाळी निघालो होतो. गाडी आमच्यातल्याच एकाची, आठ-नऊ वर्षे वापरातली.

राजगुरुनगर सोडले आणि खेडच्या घाटात एका वळणावर गाडीच्या फलकावरचा लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. वर्तुळात उद्‌गारचिन्ह आणि वर्तुळाच्या दोन्ही बाजूंना कंस, असे त्याचे चित्र असते. पुढे अवसरीच्या घाटात तो पुन्हा दोनदा लुकलुकला. मंचर ओलांडल्यावर सपाट रस्त्यावरही, ब्रेक दाबला की तो दिसू लागला. नारायणगावात शिरताना लागला तो लागलाच.

प्रदर्शनाची वेळ दहाची होती. आम्हाला वाटले, काही विशेष नाही. ब्रेकचे तेल कमी झाले असणार. दिवाळीतही असाच दिवा लागला होता, तेव्हा आम्हीच बाटली आणून तेल भरले होते आणि दिवा विझला होता. आताही तेच करू आणि संध्याकाळी पुण्यात पोचल्यावर सावकाश दाखवू. या विचाराने आम्ही रस्त्यालगतच्या एका गॅरेजपुढे गाडी थांबवली.

मिस्त्रींनी बॉनेट उघडून तेलाची पांढुरकी डबी पाहिली, आणि "दिवाळीत किती टाकलं होतं?" असे विचारले. पातळी 'मॅक्स'च्या रेषेपर्यंत आणली होती, असे आम्ही सांगितले. ते म्हणाले, "मग सर, तेल आत्ताही टाकून देतो मी. दिवा विझंल. पण संध्याकाळी पोरं घेऊन खेडचा घाट तुम्हालाच उतरायचाय. आधी ते तेल गेलं कुठं, ते बघू द्या."

विद्यार्थ्यांपैकी दोघे आमच्या सहकाऱ्यांबरोबर खोके घेऊन जीपने खोडदला गेले. तिसरा, अकरावीतला, आपणहून मागे राहिला. पुढच्या चार तासांत त्या गॅरेजात आम्ही जे पाहिले आणि कागदावर जे हिशेब केले, ते इथे मांडत आहोत.

प्रथम दिव्याविषयी. दिवा एक असला तरी त्याच्यामागे बटणे दोन किंवा अधिक असतात. साध्या रचनेत दिव्याच्या एका टोकाला किल्ली फिरवल्यावर बॅटरीचा धन ध्रुव जोडला जातो. दुसऱ्या टोकाची तार बटणांकडे जाते, आणि प्रत्येक बटण ती तार गाडीच्या सांगाड्याला टेकवू शकते. सांगाडा म्हणजेच ऋण ध्रुव. बटणे एकमेकांना समांतर जोडलेली असल्याने कोणतेही एक बटण मिटले तरी परिपथ पूर्ण होतो आणि दिवा लागतो. पहिले बटण हातब्रेकच्या दांड्याखाली असते. दुसरे तेलाच्या डबीत असते; तेथे एक तरंगता तुकडा असतो आणि पातळी खाली गेली की तो खाली येऊन बटण मिटवतो. काही तुकड्यांत यासाठी लहानसे चुंबक बसवलेले असते. नव्या गाड्यांत मध्ये संगणक असतो आणि त्याला आणखी काही बिघाड आढळला तरी तो हाच दिवा लावतो. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. चाके एकदम जाम होऊ न देणाऱ्या या यंत्रणेचा दिवा पिवळा असतो. तो एकटाच लागला तर नेहमीचा ब्रेक शाबूत असतो, फक्त हे जादा संरक्षण नसते. पिवळा आणि लाल दोन्ही एकदम लागले, तर पुढच्या व मागच्या चाकांत ब्रेकचे बळ वाटून देणारी व्यवस्थाही बंद पडली असण्याची शक्यता असते. तेव्हा जोराचा ब्रेक मारल्यास मागची चाके आधी जाम होऊन गाडी फिरू शकते.

आता वळणावरच्या लुकलुकण्याचा अर्थ लागतो. बस वळली की उभे प्रवासी एका बाजूला झुकतात. तसेच डबीतले तेलही वळणावर एका कडेला चढते आणि ब्रेक दाबल्यावर पुढे धावते. पातळी काठावर आली असेल तर तरंगता तुकडा अशा वेळी क्षणभर खाली जातो. म्हणजे खेडच्या घाटातला तो क्षणभराचा दिवा हा बिघाडाचा पहिला आणि सगळ्यांत उपयोगी निरोप होता. आम्ही तो 'सैल तारेचा चाळा' म्हणून सोडून दिला होता.

मिस्त्रींची पहिली तपासणी अगदी तर्कशुद्ध होती. गाडी सपाट जागी उभी केली आणि चाकांना दगड लावले. हातब्रेकचा दांडा पूर्ण खाली नेऊन थोडा हलवून पाहिला. दिवा तसाच राहिला. मग डबीवरची तारेची जोडणी उपसली आणि दिवा विझला. म्हणजे दिवा डबीतल्या बटणामुळे लागला होता. तो तेव्हाही विझला नसता, तर हातब्रेकच्या बटणाची तार काढून पाहावी लागली असती; आणि दोन्ही सुटूनही लागलेला राहिला असता, तर कुठेतरी तारेचे वेष्टन घासून ती पत्र्याला टेकली आहे, किंवा बिघाड संगणकाच्या बाजूला आहे, असे म्हणता आले असते. डबीतले तेल 'मिन'च्या वर असूनही दिवा लागला, तर तरंगता तुकडा अडकला किंवा बुडाला असे समजावे. आमच्या गाडीत तसे नव्हते. पातळी खरोखरच 'मिन'च्या खाली होती.

याच परिपथाची एक उलटी बाजू आहे आणि ती विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावी. तार पत्र्याला टेकली तर दिवा विनाकारण लागतो. पण तार तुटली किंवा दिवाच गेला, तर तो कधीच लागत नाही. न लागलेला दिवा म्हणजे 'सर्व ठीक' असे मानता येते, पण त्यासाठी तो लागू शकतो हे आधी पाहिलेले असावे लागते. म्हणूनच किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, फलकावरचे दिवे काही क्षण लागतात. बहुतेक चालक त्या वेळी पट्टा ओढत असतात किंवा आरसा पुसत असतात.

आता तेलाकडे वळू. वास्तविक याला तेल म्हणणेच चूक आहे. गॅरेजात सगळे 'ब्रेक ऑइल' म्हणतात, आम्हीही तेच म्हणणार. पण नेहमीच्या गाड्यांत वापरतात तो द्रव ग्लायकॉल वर्गातल्या रसायनांचा असतो आणि तो पाण्यात सहज मिसळतो. नावामुळे फसून कोणी यात इंजिनचे तेल ओतले, तर आतली रबरी वायसरे फुगून सगळी ब्रेक यंत्रणा निकामी होते.

या द्रवाचे काम पास्कलच्या नियमाने चालते. ब्लेझ पास्कल १६६२ मध्ये वारला आणि त्याचा द्रवांवरचा ग्रंथ पुढच्या वर्षी छापला गेला. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे आपण सातवी-आठवीपासून शिकवतो. मोटारीत त्याचा उपयोग व्हायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीने १९२१ मध्ये चारही चाकांना द्रवदाबाचे ब्रेक असलेली मोटार विक्रीला आणली.

आकडे घालून पाहू. पायाने पेडलवर २० किलो भार दिला. पेडल ही तरफ आहे. ती तो चौपट करते असे धरू, म्हणजे मुख्य सिलिंडरच्या दट्ट्यावर ८० किलो. दट्ट्याचा व्यास २ सेंमी असेल तर क्षेत्रफळ ३.१४ चौ. सेंमी, आणि दाब झाला चौ. सेंमीला सुमारे २५ किलो. मोटारीच्या टायरमध्ये हवा भरतो तो दाब सुमारे २ किलो असतो, हे लक्षात घ्यावे. हाच दाब पुढच्या चाकाजवळ सुमारे ४.८ सेंमी व्यासाच्या, म्हणजे १८ चौ. सेंमी क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर पोचला की ४५० किलोंचे बळ मिळते, आणि त्याने दोन पॅड चाकाबरोबर फिरणारी चकती चिमटीत धरतात. निर्वात पोकळीच्या मदतीने पायाचे बळ आणखी वाढवणारी व्यवस्था आपण इथे धरलेली नाही.

या सगळ्यात द्रव खर्च होत नाही. पेट्रोल जळते, इंजिनचे तेल थोडे जळते, बॅटरीतले पाणी उडते. ब्रेकचा द्रव बंद नळीत पुढे सरकतो आणि परत येतो. मग पातळी खाली का जाते? कारणे दोनच. एक निरुपद्रवी आहे: पॅड झिजले की चाकाजवळचा दट्ट्या तितका पुढे येऊन राहतो, आणि त्याच्यामागची वाढलेली जागा द्रवाने भरते. दुसरे कारण गळती.

यांतले कोणते, हे चाक न उघडता हिशेबाने कळेल का? आमच्या अकरावीतल्या विद्यार्थ्याने हा प्रश्न काढला, आणि चहा येईपर्यंत गॅरेजातल्या एका रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर तो सोडवलाही. पॅडवरचा झिजणारा थर ८ मिमी धरू. चकतीच्या दोन्ही बाजूंना पॅड, आणि दट्ट्या एकाच बाजूला. म्हणून दोन्ही पॅड पूर्ण झिजेपर्यंत दट्ट्या १६ मिमी पुढे येतो. १८ चौ. सेंमी गुणिले १.६ सेंमी म्हणजे सुमारे २९ घन सेंमी; पुढच्या दोन चाकांचे मिळून ५८. पॅडचे आयुष्य ४० हजार किमी धरले, तर हे ५८ घन सेंमी ४० हजार किलोमीटरमध्ये खाली जायला हवेत. दिवाळीपासून गाडी चालली होती जेमतेम ३ हजार किमी. त्यात पातळी ४ ते ५ घन सेंमीने उतरायला हवी. पट्टीने डबी मोजली: आतून १० सेंमी लांब, ४ सेंमी रुंद, 'मिन' आणि 'मॅक्स'च्या रेषांत दीड सेंमी अंतर. म्हणजे ६० घन सेंमी गेले होते. साठातले पंचावन्न पॅडच्या झिजेत बसत नव्हते.

मिस्त्रींनी पुठ्ठा पाहिला आणि हसले. ते तोवर बॅटरी घेऊन चारही टायरांच्या आतल्या बाजू पाहून आले होते. डाव्या मागच्या टायरची आतली बाजू ओली होती आणि तिच्यावर धूळ चिकटून काळा पट्टा झाला होता. ओल ब्रेकच्या द्रवाची की आसाच्या ग्रीसची? त्यांनी बोटावर थोडी घेऊन पाण्याच्या भांड्यात बुडवली. ती पाण्यात विरघळून गेली. ग्रीस असते तर वर तवंग आला असता.

ड्रम उघडला तेव्हा आतल्या लहान सिलिंडरचे रबरी वायसर कडक होऊन चिरलेले दिसले. प्रत्येक वेळी पेडल दाबले की त्यातून थेंबभर द्रव बाहेर येत होता. तो दोन्ही ब्रेक शूंवर पसरून त्यांचे लायनर भिजले होते, म्हणजे त्या चाकाचा ब्रेक नावालाच उरला होता. आणि मग आम्हाला आठवले की जानेवारीपासून उतारावर उभी केलेली गाडी हातब्रेक लावूनही किंचित सरकत असे. हातब्रेक त्याच मागच्या शूंना दोरीने ओढतो. आम्ही दांडा एक दात जास्त ओढू लागलो होतो, इतकेच.

दिवाळीत तेल ओतून आम्ही काय केले, हे तेव्हा ध्यानात आले. दिवा पातळी मोजतो, गळती मोजत नाही. पातळी वर आणून आम्ही गळतीचा एकमेव पुरावा पुसून टाकला आणि तिला आणखी चार महिने दिले. कारण पॅडची झीज असते तरीही ओतणे चुकीचेच ठरले असते. नवे पॅड बसवताना दट्ट्या मागे ढकलावा लागतो. तेव्हा ते ५८ घन सेंमी परत डबीत येतात आणि भरलेली डबी उतू जाते. हा द्रव गाडीच्या रंगावर सांडला तर रंग सोलून निघतो.

तसेच पुढे गेलो असतो तर? पूर्वीच्या मोटारींत मुख्य सिलिंडरपासून चारही चाकांना एकच मार्ग असे. एका ठिकाणी गळती झाली की सगळे ब्रेक जात. अमेरिकेत १९६८ पासून मोटारींना दोन स्वतंत्र मार्ग कायद्याने सक्तीचे झाले आणि पुढे ही रचना सर्वत्र आली. पुढच्या चाकांना इंजिनाची ओढ असणाऱ्या लहान गाड्यांत बहुधा डावे पुढचे व उजवे मागचे चाक एका मार्गावर, उरलेली दोन दुसऱ्यावर असतात. डबीतही तळाशी आडभिंत असते, त्यामुळे एका बाजूचे तेल संपले तरी दुसऱ्या बाजूचे राहते. म्हणजे वायसर घाटात पूर्ण फाटले असते, तर आमच्याजवळ साधारण अर्धा ब्रेक उरला असता, आणि पेडल नेहमीपेक्षा बरेच खाली गेले असते. पाच माणसे भरलेल्या गाडीला तो पुरला असता की नाही, हे पुढच्या वळणावर कळले असते.

घाटातल्या ब्रेकचा आणखी एक धोका या द्रवात दडलेला आहे. माणसांसह १२०० किलोंची गाडी १०० मीटर खाली उतरली, तर तिची स्थितिज ऊर्जा सुमारे पावणेबारा लाख ज्यूलने कमी होते. गाडीचा वेग वाढू द्यायचा नसेल तर ती कुठेतरी गेलीच पाहिजे. केवळ ब्रेकवर उतरलो, तर त्यातली बहुतेक चकत्या आणि ड्रम तापवण्यात जाते. एवढ्या उष्णतेत पावणेचार लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत येईल. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची ती एवढ्यासाठी. ऊर्जेचा मोठा वाटा इंजिन घेते.

चकत्या तापल्या की द्रवही तापतो. 'डॉट-३' प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, 'डॉट-४'चा २३०. पण हा द्रव आर्द्रताशोषक आहे. रबरी नळ्यांतून आणि झाकणाच्या छिद्रातून हवेतली वाफ त्यात शिरत राहते. पाण्याचे प्रमाण पावणेचार टक्क्यांच्या जवळ गेले की हेच किमान आकडे १४० आणि १५५ वर येतात. एकदा वाफ धरली की पेडल दाबून द्रव पुढे सरकत नाही, बुडबुडा दबतो. मुख्य सिलिंडर एका दाबात सात-आठ घन सेंमी द्रव ढकलतो. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १७०० पट होते. तेव्हा एका थेंबाच्या दहाव्या हिश्शाइतके पाणी वाफ झाले तरी ते सात-आठ घन सेंमी भरून जातात आणि पेडल जमिनीला टेकते. या वेळी डबीतली पातळी मात्र जागेवर असते, दिवा लागत नाही. म्हणून बहुतेक उत्पादक दोन वर्षांनी द्रव बदलायला सांगतात. आमचा द्रव चहाच्या काढ्यासारखा काळा झाला होता; शेवटचा केव्हा बदलला हे कोणालाच आठवेना.

मिस्त्रींनी सिलिंडर नवा बसवला आणि दोन्ही मागच्या चाकांचे शू बदलले. एकाच बाजूचे बदलले असते, तर दोन चाकांचे घर्षण वेगळे होऊन ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढली असती. मग हवा काढण्याचे काम आले. विद्यार्थी पेडलवर बसला, मिस्त्री चाकापाशी पाना घेऊन. निपलला पारदर्शक नळी आणि तिचे टोक बाटलीतल्या द्रवात बुडवलेले. "दाबा... धरून ठेवा" म्हटले की पेडल दाबायचे, निपल उघडले की बुडबुडे आणि काळा द्रव बाहेर येतो, निपल बंद झाल्यावर "सोडा". बंद होण्यापूर्वी पाय उचलला तर नळीतून हवा परत आत ओढली जाते. चारही चाकांना हे करून, बाटलीत स्वच्छ पिवळसर द्रव बुडबुड्यांशिवाय येऊ लागेपर्यंत त्याने शंभराच्या वर वेळा पेडल दाबले असेल. सुरुवातीला पेडल स्पंजासारखे लागत होते आणि शेवटी विटेसारखे, असे त्याने सांगितले.

हा फरक वर्गात दाखवता येतो. एक लहान आणि एक मोठी, अशा सुया काढलेल्या दोन सिरिंजा सलाइनच्या नळीने जोडाव्यात आणि पाण्याने भराव्यात. लहान दाबली की मोठी थोडी सरकते पण जोराने सरकते. विद्यार्थ्यांनी दोन्हींवर अंगठे ठेवून हे अनुभवावे. मग मुद्दाम दोन-तीन घन सेंमी हवा आत सोडावी आणि मोठीचा दट्ट्या घट्ट धरून लहान दाबावी. दिव्यासाठी एक सेल, एक बल्ब आणि समांतर जोडलेली तीन बटणे पुरतात. बटणे खोक्यात लपवून, फक्त तारा उपसून कोणते मिटले आहे ते ओळखायला सांगावे. ब्रेकचा खरा द्रव मात्र वर्गात आणू नये, तो विषारी आहे. आणि चालत्या गाडीच्या ब्रेकवर हात चालवायला शिकवणे हा या लेखाचा हेतू नाही. ते काम मिस्त्रींचे.

चालवताना दिवा लागला तर आधी हातब्रेक पूर्ण खाली आहे का ते पाहावे. असेल, तर वेग कमी करून पेडल जोखावे. ते नेहमीच्या जागी आणि घट्ट लागले तर हळू चालवत जवळचे गॅरेज गाठावे. खाली जाऊ लागले तर तिथेच थांबून गाडी ओढून न्यावी. गाडी थांबतच नसेल तर पेडल भराभर मारावे, एकेक गिअर खाली आणावा आणि हातब्रेक एकदम न ओढता हळूहळू ओढावा.

गाडी तयार झाली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. द्रवाची अर्धी बाटली उरली होती. पैसे आपण दिले आहेत तर ती बरोबर न्यावी, असे आम्हाला वाटले. मिस्त्रींनी दिली नाही. "उघडी बाटली घरात ठेवाल, ती हवेतलं पाणी ओढंल, आणि पुढच्या दिवाळीला तुम्ही तीच ओताल," ते म्हणाले. विद्यार्थ्याने किल्ली फिरवून फलकावरचे सगळे दिवे लागतात का ते मोठ्याने मोजून दाखवले. मग हातब्रेक सोडून आम्ही खोडदच्या रस्त्याला लागलो. प्रदर्शन पाचपर्यंत होते.